दूरचें दप्तर

गिरगांवांतील चाळींत बसून परळच्या एका कचेरीचें दप्तर सांभाळणें हा माझा व्यवसाय आहे. दप्तर संगणकांत आहे. परळास मूळ यंत्र, आणि दादरच्या शाखेंत त्याची रोजची नक्कल. दोन्हीं यंत्रें लिनक्सचीं, म्हणजे केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत आरंभिलेल्या युनिक्सच्या वळणाचीं.

युनिक्समध्यें सर्व फायली एकाच वृक्षावर असतात. डिस्क एक असो वा दहा, वृक्ष एकच. नवी डिस्क घ्यावयाची तर एखाद्या रिकाम्या फांदीवर तिचें कलम करावयाचें. यालाच 'माउंट' करणें म्हणतात. सन कंपनीनें १९८४ सालीं तर दुसऱ्या यंत्रावरील शाखाच आपल्या वृक्षास जोडण्याची सोय काढली. दुरून हुकूम सोडण्यासाठीं आम्ही एस्‌एस्‌एच् वापरतों. पूर्वीं परवलीचा शब्द तारेंतून उघडाच जाई. फिनलंडमधील एका विद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरले गेले, तेव्हां टाटू इलोनेन यांनीं १९९५ सालीं सर्व संभाषण सांकेतिक करणारें हें साधन तयार केलें. नक्कल करण्यास आरसिंक आहे. तें बदललेला भागच तेवढा पाठवितें, आणि सांगितल्यास मूळ ठिकाणीं जें उरलें नाहीं तें नकलेंतूनहि पुसतें.

या आज्ञाधारकपणाचीच गोष्ट सांगतों. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. त्या दिवसांत साथीच्या निर्बंधांमुळें लोकल गाड्यांत सामान्य माणसास प्रवेश नव्हता. दुपारीं वीज आली, परळचें यंत्र उठलें. मीं येथून दार ठोठावलें, उत्तर आलें, आणि मी निश्चिंत झालों.

रात्रीं जेवणानंतर सहज 'डीएफ्' हा हुकूम दिला. कोणती डिस्क कोठें जोडली आहे व किती भरली आहे, हें तो सांगतो. यादींत हिशेबांची डिस्कच नव्हती! वीज अवचित गेल्यानें तिची मांडणी बिघडली होती व यंत्रानें ती जोडण्याचें नाकारलें होतें. फांदी होती, परंतु रिकामी. दोन वाजतां आरसिंक येऊन ती रिकामी फांदी पाहणार आणि दादरची नक्कलहि तशीच रिकामी करणार!

दोष माझाच. एखादी डिस्क न जुळली तर यंत्र सुरू होतां होतां अडून बसतें आणि समोर माणूस येईपर्यंत हलत नाहीं. तें टाळण्यासाठीं 'डिस्क नसली तरी पुढें चल' असें मींच लिहून ठेविलें होतें. त्यावांचून मला गिरगांवांतून आंत जातां आलें नसतें, हेंहि खरें.

प्रथम रात्रीची नक्कल थांबविली. मग 'एफ्‌एस्‌सीके' ही दुरुस्ती चालविली. तीहि डिस्क जोडण्यापूर्वींच, कारण जोडलेल्या डिस्कवर ती केल्यास होतें नव्हतें तें जाण्याची भीति. "वीज आली ना रे, आतां कसली वाट पाहतोस?" आईनें विचारलें. एकच्या सुमारास डिस्क जोडली गेली. आरसिंकला 'प्रत्यक्ष कांहीं करूं नको, काय करशील तेवढें सांग' असें विचारतां येतें; तें विचारून आलेली यादी ओळ न् ओळ वाचली. पुसावयाच्या फायली तीन, त्याहि तात्पुरत्या.

आतां हिशेबांच्या डिस्कवर एक लहानशी खुणेची फाईल ठेविली आहे. ती दिसली नाहीं तर नक्कल सुरूच होत नाहीं व मला निरोप येतो. शिवाय हुकूम लिहावयाच्या ओळीच्या आरंभीं यंत्राचें नांव रंगांत उमटतें: परळ तांबडें, दादर हिरवें.