कोड २३०२ आला म्हणजे नाव गेलंच, असं नाही!

परदेशात चार मराठी माणसं जमली की ग्रुप होतो, ग्रुप झाला की वेबसाइट हवी आणि वेबसाइट म्हटली की डोमेनचं नाव आलंच. इथे न्यू जर्सीत आमचा डोंगर भटकणाऱ्यांचा ग्रुप आहे. त्यांना 'दऱ्याखोऱ्या' हे नाव देवनागरीत हवं होतं, शिवाय रोमन लिपीतली चार-पाच नावंही. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. इतकी नावं एकेक करून भरण्यापेक्षा एपीआय सोयीचा, म्हणजे आपला प्रोग्राम नोंदणी कंपनीच्या प्रोग्रामशी थेट बोलतो.

पहिलंच उत्तर आलं, कोड २००५. म्हणजे नावाच्या लेखनात गडबड. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं नाव दिसायला तर अगदी शुद्ध होतं!

गोम होती 'ऱ्या'मध्ये. हा 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोड क्रमांक ०९३१. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. नकार मिळाला ते एका अर्थी बरंच झालं. कारण २००३च्या जुन्या नियमांवर चालणारा प्रोग्राम ते चिन्ह गुपचूप गाळतो आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगर राहिले बाजूला, आपण थेट समुद्रात! स्वतंत्र 'ऱ' वापरल्यावर नाव मिळालं.

हे कोड ईपीपी नावाच्या प्रोटोकॉलमधले आहेत. १ने सुरू झाला तर काम झालं, २ने सुरू झाला तर अडलं. २३०६ म्हणजे नाव धोरणात बसत नाही, २१०४ म्हणजे पैशांची अडचण. १००१ आला तर विनंती स्वीकारली आहे, पण काम अजून बाकी आहे, तेव्हा थांबायचं.

सगळ्यात फसवा २३०२, म्हणजे 'हे नाव आधीच नोंदलेलं आहे'. विनंती पाठवली, उत्तर येण्याआधीच कनेक्शन तुटलं, पुन्हा पाठवली आणि २३०२ आला, तर नाव कदाचित पहिल्याच फेरीत आपल्याला मिळालेलं असतं. म्हणून उत्तर आलं नाही तर लगेच पुन्हा 'क्रिएट' करू नका. आधी 'इन्फो' विचारा आणि नाव आपल्याच खात्यात आहे का ते बघा.

आणि १००० हा यशाचा कोड आला तरी गाफील राहू नका. डॉट कॉमसारख्या नावांसाठी मालकाच्या ईमेलवर पडताळणीची लिंक येते. १५ दिवसांत प्रतिसाद दिला नाही, तर डोमेन स्थगित होऊ शकतं. त्यामुळे तिथे कुणा एकाचा नाही, ग्रुपचा ईमेल द्या. इथली माणसं नोकरीपायी गावं बदलतात. नूतनीकरणाची आठवण मात्र त्याच पत्त्यावर येत राहते.