समुद्राच्या मधोमध हवा का मोजायची?

प्रदूषण शहरात होतं, मग ते मोजायला भर समुद्रात कशाला जायचं? शंका रास्त आहे. पण शहरातली हवा त्या रस्त्यापुरतं, त्या वेळेपुरतं सांगते. साऱ्या वातावरणात काय साचतंय हे कळायला वस्तीपासून दूरची, नीट मिसळलेली हवाच लागते. शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी 1971 मध्ये ‘शॅकलटन’ जहाजावर स्वतः बनवलेलं गॅस क्रोमॅटोग्राफ (हवेतले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) नेलं आणि ब्रिटन ते अंटार्क्टिका प्रवासात हवा तपासली. स्प्रेच्या डब्यांमधला सीएफसी-11 त्यांना दक्षिण गोलार्धातही सापडला. हा वायू निसर्गात तयारच होत नाही, म्हणजे तो माणसानेच सोडलेला.

प्रमाण होतं लाख कोटी रेणूंमागे जेमतेम पन्नास. एवढ्याने काय बिघडणार? खुद्द लव्हलॉक यांनाही तेव्हा धोका वाटला नव्हता. पण रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये दाखवलं, की खालच्या हवेत न विघटणारा हा वायू वर पोचून क्लोरीन सोडतो आणि ओझोन नष्ट करतो. माझ्या मते सातत्याने मोजत राहणं महत्त्वाचं ते यासाठीच: मोजताना कुठला आकडा पुढे कामी येईल, हे ठाऊक नसतं. टास्मानियाच्या केप ग्रिम केंद्रात दक्षिण महासागरावरून आलेली स्वच्छ हवा 1978 पासून स्टीलच्या टाक्यांत साठवली जाते, तीही याच कारणाने.