खुर्ची आणि सातबारा

संचालक मंडळात स्त्रियांना जागा द्याव्यात असे म्हटले, की लगेच विचारण्यात येते, “मग समान संधीचे काय?” जणू राखीव जागा आणि समान संधी ह्या एकमेकींच्या सवतीच आहेत! हा समज कितपत खरा आहे, ते आज पाहावयाचे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. नॉर्वेने २००३ साली कायदा करून मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळांत स्त्रिया आणि पुरुष दोघांचेही प्रमाण साधारणपणे किमान ४० टक्के असावे असे ठरविले. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या व इतर ठरावीक मोठ्या सार्वजनिक कंपन्यांवर निदान एक स्त्री संचालक नेमण्याचे बंधन घातले. पण सातारा-सांगलीकडे संचालक म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो सहकारी साखर कारखान्याचा. तेथे राज्याच्या सहकार कायद्याने स्त्रियांसाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत. मंडळ २१ जणांचे असेल, तर दोन म्हणजे दहांत एकसुद्धा नव्हे.

ह्यावर आक्षेप येतो तो गुणवत्तेचा. परंतु आजवर संचालकपदासाठी कोणी परीक्षा ठेवली होती? गट, भावकी, वडिलांची पुण्याई ह्यांवर जागा वाटल्या गेल्या, तेव्हा गुणवत्तेची आठवण फारशी कोणास झाली नाही. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचे रान आहे, त्याला पाळी बांधून दिली नाही तर वरची राने भिजेपर्यंत त्याचे पीक वाळून जाते. पाळी बांधून देणे ही मेहेरबानी नव्हे. पाणी सर्वांचे आहे, एवढेच तिने सिद्ध होते. राखीव जागेचा अर्थ तोच आहे.

मात्र येथेच थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. उसाची लागण असो की भांगलण, कामाला बाई असतेच. पण कारखान्याचा उत्पादक सभासद व्हावयाचे तर नावावर जमीन हवी, ऊस हवा, शेअर हवा. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावाचा! सभासदत्व नाही म्हणून मत नाही. मत नाही म्हणून उमेदवारी नाही. अशा वेळी राखीव जागेवर येऊ शकतात त्या मोजक्या घरांतील स्त्रिया. ग्रामपंचायतींत १९९३ नंतर एक-तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या, तेव्हा ‘सरपंचपती’ नावाचा प्राणी आपण पाहिलाच. तरी तेथे निदान प्रत्येक स्त्रीला मत होते. कारखान्यात तेही नाही.

उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. माण तालुक्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा ह्यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी बँक काढावयाचे ठरविले. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. त्या अक्षरे शिकल्या आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशेब आम्हांला तोंडी घाला आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही करावयास सांगा, असे त्यांनी सुनावल्याचे चेतनाताई सांगतात. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तेथे खुर्ची कोणी दान दिली नाही. भाग स्वतःचा, म्हणून खुर्चीही स्वतःची.

तेव्हा राखीव जागा हवीच; पण तिच्या खाली जमीन हवी. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला. कायद्याने दिलेला हा हिस्सा घरात कसा परत घेतला जातो, हे आपणांस ठाऊक आहे. बहिणीला माहेरी बोलावतात, साडीचोळी करतात आणि दुय्यम निबंधकांच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. माहेर तुटू नये म्हणून तीही निमूटपणे करते. त्या सहीबरोबर केवळ जमीन जात नाही. तिचे सभासदत्व, तिचे मत आणि उद्याची तिची संचालकपदाची जागाही जाते.

समान संधीची कसोटी म्हणून कारखान्याच्या सभेआधी आपल्या घरातच लागते. पुढच्या वेळी असा कागद बहिणीपुढे ठेवण्यापूर्वी भावाने एवढे आठवावे, म्हणजे पुरे.