आबा गेले तेव्हा बाया का रडल्या?

16 फेब्रुवारी 2015 ला आर. आर. पाटील, म्हणजे सगळ्यांचे आबा, गेले. दुसऱ्या दिवशी तासगाव तालुक्यातल्या त्यांच्या अंजनी गावी माणसांची रीघ लागली. ज्यांनी त्यांना कधी जवळून पाहिलंही नव्हतं, त्या बायांनीसुद्धा डोळ्याला पदर लावला. नात्याचा ना गोत्याचा, मग एवढं रडू का आलं?

कारण आपल्या दारातच आहे. आबा ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावोगाव बाया खराटे घेऊन निघाल्या. संडासाचा विषय चारचौघांत निघाला. बाहेर जायला अंधार पडायची वाट बघणाऱ्या बाईला त्याचं मोल कळतं. पुढाऱ्याचं काम असं उंबऱ्यापर्यंत आलं की तो घरचाच वाटतो.

पण रडून झाल्यावर काय? आबांना तोंडाचा कर्करोग होता. वय अवघं 57. आपण फोटोला हार घातला आणि सकाळी पुन्हा मशेरीची डबी उघडली. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यानंही तोंडाचा कर्करोग होतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तोंड नीट उघडेना, तर आरोग्य केंद्रात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

आमच्या गटात विचारलं, तर चौघींनी मशेरी लावतो म्हणून सांगितलं. त्यातली एक मी. सुटता सुटत नाही, पण एकमेकींच्या धाकानं कमी झालीय. तुम्हीही पुढच्या बैठकीत हा विषय काढा.