मनोरुग्णाच्या देहाकडेही पाहा

चरकसंहितेंत शरीर आणि मन हीं दोन्हीं रोगांचीं आश्रयस्थानें म्हणून सांगितलीं आहेत. व्यवहारांत मात्र आपण त्यांची फारकत करतों. घरांतील एखाद्यास छिन्नमनस्कता, म्हणजे डॉक्टर ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात तो विकार जडला, कीं औषधानें तो शांत झाला कीं नाहीं एवढेंच पाहिलें जातें. पुढें त्याचें पोट सुटलें, जिना चढतांना त्यास धाप लागूं लागली, तरी ‘खाऊनपिऊन सुखी आहे’ असें म्हणून मंडळी समाधान मानतात.

हें समाधान फसवें आहे. तीव्र मनोविकार असलेलीं माणसें इतरांपेक्षां सुमारें १० ते २० वर्षें आधीं मरण पावतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि यांतील पुष्कळांचा बळी हृदयरोगासारख्या टाळतां येण्याजोग्या व्याधींनीं घेतलेला असतो.

१९५२ सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझिन हें औषध मनोविकारांवर वापरांत आलें आणि कोंडून ठेवलेल्या असंख्य रुग्णांस घराची वाट मोकळी झाली. पुढें निघालेलीं क्लोझापिन व ओलान्झापिन हीं औषधें गुणकारी खरीं. पण तीं भूक व वजन वाढवितात आणि मधुमेहास वाट करून देतात. त्यांत निरुत्साह, दिवसभर पडून राहणें व तंबाखू यांची भर पडते. तथापि सारा दोष औषधांचा नव्हे. तीं निघण्यापूर्वींच, १८७९ सालीं, हेन्री मॉडस्ली या इंग्रज तज्ज्ञानें मधुमेह व वेड एकाच कुळांत वारंवार आढळतात, असें नमूद केलें होतें.

आतां बुद्धीचें पाहूं. मुलें शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्यास ठाऊक असतें कीं, अवधान, स्मरण, विचाराचा वेग व कामाची आंखणी हीं बुद्धीचीं निरनिराळीं अंगें होत. भास ओसरल्यावरही हीं अंगें दुबळीं राहतात, आणि नोकरी सुटते ती बहुधा त्यामुळेंच. २०२१ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत असें दिसलें कीं, ज्या रुग्णांस मधुमेह, रक्तदाब वा चयापचयाचा, म्हणजे शरीरांतील अन्नाच्या उलाढालीचा, बिघाड आहे, त्यांची बुद्धि इतर रुग्णांहून अधिक मंदावलेली असते. कारण कोणतें व कार्य कोणतें, हा निवाडा एवढ्यानें होत नाहीं; परंतु वाढलेली साखर व रक्तदाब मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवितात, हें निर्विवाद आहे. ‘वेडच तें, डोकें चालणार कसें?’ म्हणून जें आपण सोडून देतों, त्यांतील कांहीं भाग कदाचित् सावरण्याजोगा असेल.

या बिघाडाचीं गमकें पांच: कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर वा अधिक, रक्तदाब १३०/८५ वा अधिक, उपाशीपोटीं साखर १०० मिलिग्रॅम वा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० वा अधिक, आणि हितकर कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० हून कमी. यांपैकीं तीन आढळलीं कीं सावध व्हावें.

शिवणाची फीत घरोघरीं असते. नवें औषध सुरू होतांना वजन व घेर वहींत टिपावा आणि पहिले तीन महिने दरमहा पाहावा. रक्ततपासणी आरंभीं, तीन महिन्यांनीं व पुढें दरवर्षीं करवावी. एकत्र कुटुंबांत रुग्णाचें पान वेगळें मांडूं नये; साऱ्यांच्याच पानांतील भात, तळण व गोडधोड कमी करावें, आणि संध्याकाळीं कुणीतरी त्याच्याबरोबर फिरावयास जावें. मात्र वजन वाढलें म्हणून आपल्या मनानें औषध बंद करूं नये, दुखणें उलटतें. डॉक्टरांस औषध बदलतां येतें, मेटफॉर्मिनसारखें दुसरें जोडतांही येतें.

ज्यास आपली तक्रार धड सांगतां येत नाहीं, त्याच्या वतीनें ती वही घेऊन डॉक्टरांकडे जाणें हें घरच्यांचेंच काम होय.