पाठकोरे फोटो

दिवाळीची झाडलोट चालली असता माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली आणि झाडलोट तिथेच थांबली. ट्रंकेत जुने फोटो होते. आईने चष्मा पुसला आणि एकेकाचे नाव सांगू लागली. एका फोटोपाशी मात्र अडली. नऊवारीतली एक मुलगी, हातात तबक. “हिला मी ओळखत होते रे...” फोटोची पाठ कोरी!

दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची लेक मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. जग त्यात अभिनय पाहते; मला तिथे बापाने रिळावर जपलेले लेकीचे बालपणच दिसते. शंभरावर वर्षे लोटली, तरी ती कोण हे आपण सांगू शकतो. तबकवाली मुलगी मात्र आमच्याच घरात अनोळखी झाली.

फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नाव लिहावे. बॉलपेनचा वळ पुढे चेहऱ्यावर उठतो. (हे शहाणपण मला एका काकांचे नाक बिघडवल्यावर आले!)

संध्याकाळी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला आणि आईला बोलते केले. फोटो दाखवताना पदराने पुसायची तिची लकबही त्यात आली. तासभर बोलली. रात्री अकराला तिने हाक मारली, “अरे, त्या मुलीचं नाव ‘द’वरून होतं बघ.”

मी उठून फोटोमागे पेन्सिलीने ‘द’ लिहिला. पुढे जागा सोडली आहे.