पडद्यावरची चेटकीण आणि सातपुड्यातली बाई

पडका वाडा, कंदील घेतलेला रखवालदार, 'तिकडे जाऊ नका' म्हणणारा म्हातारा, मांत्रिक. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) ते 'वीराना' (१९८८) या काळात रामसे बंधूंनी भयपटाचे हे साचे हिंदीत पक्के केले. मराठीत 'झपाटलेला'मध्ये (१९९३) मंत्र देणारा बाबा चमत्कार आणि बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू आला. तिथे प्रेक्षक हसलाही.

चेटकिणीचा साचा मात्र निरुपद्रवी नाही. 'एक थी डायन'मध्ये (२०१३) तिची ताकद वेणीत असते. पडद्याबाहेर, नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या लोणखेड्यापलीकडे, सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे, मूल आजारी पडलं किंवा गुरं दगावली म्हणून खऱ्या बायकांना 'डाकीण' ठरवलं गेलं आहे. त्यांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं. बाई एकटी वा विधवा असेल, तर ती सहज सापडते. कधी तिच्या जमिनीवरही कुणाचा डोळा असतो. त्याच २०१३ साली महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आहे.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने (२०१७) साचा उलटवला. शहादा-लोणखेड्यात रोज दिसावा तसा ऊस, त्यात अडकलेली गरोदर बाई, आणि खरी भीती मुलगी नको असणाऱ्या घराची. मराठी भयपटाने याच वाटेने जावं.

कुणाला डाकीण म्हणून छळलं जात असेल, तर पोलीस ठाण्यात दक्षता अधिकाऱ्याकडे तक्रार करा.